परीक्षेनंतरचं नवोदय

१९८५-८६ साली देशात दोनच नवोदय विद्यालयं प्रयोग म्हणून सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. ज्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही शाळा निघाली असं सगळीकडे छापलेलं असतं, ते धोरण संसदेत मंजूर झालं मे १९८६ मध्ये. बाळ आधी जन्मलं आणि बारशाची पत्रिका नंतर छापली गेली, असा हा प्रकार. सरकारी कामात एरवी उलट घडतं. पत्रिका छापून वर्षं लोटतात आणि पाळणा हलत नाही.

आज ही विद्यालयं साडेसहाशेच्या आसपास आहेत. जिल्ह्याला एक, हे सूत्र. तमिळनाडूनं त्रिभाषा सूत्राला असलेल्या विरोधापायी एकही घेतलं नाही. मुंबईसारख्या पूर्ण शहरी जिल्ह्याच्या वाट्याला ते येत नाही, कारण शाळा मुळातच खेड्यातल्या मुलांसाठी काढलेली. महाराष्ट्रातल्या नवोदयांचे पत्ते वाचले तरी हे कळतं : गडचिरोलीत घोट, चंद्रपुरात तळोधी, वर्ध्यात सेलूकाटे, बीडमध्ये गढी, नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर, सोलापुरात पोखरापूर, सांगलीत पलूस, सावंतवाडीजवळ सांगेली. गोव्यात गेलात तर काणकोण. जिल्ह्याचं ठिकाण सोडून शाळा इतक्या आत का, याचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. अट अशी की, राज्य सरकारनं तीसेक एकर जमीन फुकट द्यायची आणि पक्की इमारत उभी राहीपर्यंत तात्पुरती जागाही बिनभाड्यानं द्यायची. एवढी सलग सरकारी जमीन शहरालगत कोण ठेवतो? त्यामुळे अनेक नवोदयांची पहिली वर्षं उसन्या इमारतींत गेली, आणि पुढे शाळा माळरानावर उभी राहिली. आज या आवारांत जी झाडी दिसते ती बहुतेक ठिकाणी मुलांनी आणि शिक्षकांनी लावून वाढवलेली आहे.

मराठी वाचकाला नवोदय ठाऊक आहे ते मात्र या झाडीसाठी नव्हे. त्याला ठाऊक आहे ती परीक्षा. हिवाळ्यातल्या एका शनिवारी तालुक्याच्या हायस्कुलाच्या फाटकाबाहेर जी गर्दी जमते, ती या परीक्षेची. आत पाचवीतली पोरं, बाहेर आई-वडील, मामा, आणि केंद्रापर्यंत मुलांना घेऊन आलेले झेडपीचे गुरुजी. 'नवोदयला नंबर लागला' हे वाक्य गावात ज्या अभिमानानं उच्चारलं जातं, तो अभिमान दहावीच्या नव्वद टक्क्यांनाही मिळत नाही. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर मुलीचा फोटो, वर्गशिक्षकांचा फोटो, आणि रिवाजाप्रमाणे त्या दोघांपेक्षा मोठा असा स्थानिक पुढाऱ्याचा फोटो.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. नवोदयच्या यशाचं श्रेय आपण परीक्षेला देऊन मोकळे होतो, आणि तिथेच आपली गफलत होते. परीक्षा फक्त दार उघडते. दाराच्या आत सात वर्षं जे चालतं, त्याकडे समाज म्हणून आपण फार थोडं पाहिलं आहे. या पुस्तकातले माजी विद्यार्थी आणि शिक्षक नेमके त्या आतल्या वर्षांबद्दल बोलतात. म्हणून हे पुस्तक महत्त्वाचं.

तरी परीक्षेबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. दोन तासांत ऐंशी प्रश्न, शंभर गुण. त्यांतले चाळीस प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे : आकृत्यांमधली वेगळी ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, अपुरी आकृती पूर्ण करा. वीस प्रश्न अंकगणिताचे आणि वीस भाषेचे. निम्मे गुण आकृत्यांना ठेवण्यामागचा हेतू असा की, ज्या घरात पुस्तक नाही, वर्तमानपत्र येत नाही, त्या घरच्या पोरालाही स्वतःच्या डोक्यावर गुण मिळवता यावेत. मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत परीक्षा देतं; मराठी पोर मराठीत, गुजराती पोर गुजरातीत. चुकलेल्या उत्तराला गुणकपात नाही. आणि सहावीच्या या परीक्षेची संधी एकदाच : पाचवीत असताना. हुकली की हुकली. किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या जागा जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येनुसार. ग्रामीण ठरायचं तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली हवीत.

कागदावर हे सगळं चोख आहे. पण वीस लाखांहून अधिक मुलं बसतात आणि जागा पन्नास हजारांच्या घरात, असं गणित झालं की कोणत्याही परीक्षेभोवती बाजार भरतोच. गाईडं आली, सराव प्रश्नपत्रिकांचे संच आले, मग चौथीतल्या मुलांना घरापासून तोडून वसतिगृहात ठेवणाऱ्या 'नवोदय-सैनिकी स्कूल' अकॅडम्या आल्या. ज्या आकृत्या घोकून येऊ नयेत म्हणून निवडल्या, त्या घोकून घेण्याचे वर्ग निघाले. तालुक्याला राहून खेड्यातल्या शाळेच्या पटावर पोराचं नाव ठेवणारे पालकही निघाले. ज्या शेतमजुराच्या पोरासाठी शाळा काढली, त्याच्या वाट्याला येणारी जागा अशी कडेकडेनं कुरतडली जाते. याच्या विरुद्ध बाजूला एक सुखद वास्तव आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. सकाळी नऊला येऊन जादा तास घेणारे, रविवारीही शाळा उघडणारे, एक पैसा न घेता वर्षाला दोन-चार पोरं नवोदयला पोचवणारे जिल्हा परिषदेचे शिक्षक महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहेत. फ्लेक्सवरचा लहान फोटो त्यांचा असतो.

नवोदयच्या जन्मामागे दोन माणसं उभी आहेत. राजीव गांधी पंतप्रधान झाले तेव्हा ते स्वतः डेहराडूनच्या दून स्कूलमधून शिकून आलेले. निवासी शाळा मुलाला काय देते, हे त्यांनी अनुभवलं होतं. सप्टेंबर १९८५ मध्ये शिक्षण खात्याचं नाव मनुष्यबळ विकास झालं आणि तिथे मंत्री म्हणून आले पी. व्ही. नरसिंह राव. मराठी वाचकांना राव परके नाहीत. त्यांचं कायद्याचं शिक्षण नागपूरचं, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. स्वतः खेड्यातून शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या या माणसानं आंध्रचा मुख्यमंत्री असताना, १९७१ मध्ये, नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल इथे गरीब हुशार मुलांसाठी सरकारी निवासी शाळा काढली होती. नवोदयचा आराखडा दूनमधून आला असं टीकाकार म्हणाले. मला वाटतं, सर्वेलचं ऋण जास्त मोठं आहे. दूनमध्ये फी भरणाऱ्याचं मूल जातं. सर्वेलमध्ये फी भरू न शकणाऱ्याचं मूल गेलं, आणि नवोदयच्या धोरणातही ऐपतीचा विचार न करता हुशार मुलाला पुढे नेण्याचाच शब्द आहे.

टीका मात्र गंभीर होती आणि तिला मराठी वंशावळ आहे. १९६६ साली कोठारी आयोगानं सांगितलं होतं : सगळ्या मुलांसाठी समान शाळा हवी, परिसरातली सगळी मुलं परिसरातल्या शाळेतच जावीत. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. पुढे पुण्याची भारतीय शिक्षण संस्था ज्यांनी नावारूपाला आणली, ते हेच. नवोदय सुरू झाली तेव्हा नाईक हयात नव्हते; पण शिक्षणतज्ज्ञांनी जो आक्षेप घेतला तो त्यांच्याच विचारांतून निघालेला होता. सरकारनं श्रीमंतांच्या पब्लिक स्कूलना हात न लावता गरिबांसाठी एक छोटं पब्लिक स्कूल काढलं, आणि उरलेल्या लाखो शाळा होत्या तशा सोडल्या, असं त्यांचं म्हणणं. या आक्षेपाला सरकारनं उत्तर दिलं ते 'गतिदर्शक शाळा' या कल्पनेनं. नवोदय आजूबाजूच्या शाळांना वाट दाखवेल, तिथले प्रयोग झेडपीच्या शाळेत उतरतील, अशी ती कल्पना. चाळीस वर्षांनी पाहिलं तर तिच्यातलं फारच थोडं जमिनीवर आलं. कुंपणाच्या आतली प्रयोगशाळा आतच राहिली. शेजारच्या गावातल्या शाळेला नवोदयमुळे मिळालं काय, तर पाचवीचा सर्वांत हुशार विद्यार्थी निघून जाण्याचा वार्षिक कार्यक्रम.

महाराष्ट्राला निवासी शिक्षणाची कल्पना दिल्लीकडून उसनी घ्यावी लागली नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्या बोर्डिंगाला प्रवेश परीक्षा नव्हती. गरज हीच पात्रता, आणि कष्ट हीच फी. साठच्या दशकात मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना निघालेल्या शासकीय विद्यानिकेतनांनी मात्र निवडीची वाट धरली : खेड्यातली हुशार पोरं वेचायची आणि त्यांना उत्तम शिक्षण द्यायचं. म्हणजे नवोदयच्या आधीच आपल्याकडे दोन परंपरा होत्या, एक सर्वांना आत घेणारी आणि एक वेचून घेणारी. नवोदयनं वसतिगृह पहिल्या परंपरेचं घेतलं आणि दार दुसऱ्या परंपरेचं लावलं. तिच्या स्वभावातला बराचसा ताण इथून येतो.

आता दाराच्या आत. सहावीत ऐंशी मुलं येतात. त्यांची अरावली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशा चार सदनांत वाटणी होते. ही चार नावं देशभर सारखीच. पहाटे पीटी, मग आंघोळीच्या रांगा, नाश्ता, आणि रोजच्या परिपाठात मुलांनीच वाचलेल्या बातम्या. संध्याकाळी मैदान, रात्री शिक्षकाच्या देखरेखीखाली अभ्यास. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं मोफत. नववीपासून महिन्याला सहाशे रुपये विकास निधी म्हणून घेतात, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. बोधवाक्य 'प्रज्ञानं ब्रह्म'. दहा-अकरा वर्षांचं मूल ट्रंक उघडून स्वतःची चादर अंथरतं, स्वतःचे कपडे धुतं, आणि पहिले काही आठवडे रात्री उशीत तोंड खुपसून रडतं. नवोदयच्या कोणाही माजी विद्यार्थ्याला विचारा, हे रडणं तो हसत हसत सांगेल. त्या हसण्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये, असं मला वाटतं.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे आवारातच राहणारे शिक्षक. सकाळी गणित शिकवणारे सर रात्री हाउस मास्टर असतात. ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात नेणं, मेसच्या भाजीवरचं भांडण मिटवणं, घरून पत्र आलं नाही म्हणून गप्प झालेल्याला बोलतं करणं हेही त्यांच्याच वाट्याला. पूर्वी पत्र, आता ठरल्या वारी फोन, काम तेच. शाळेचं वेळापत्रक संपलं तरी यांची नोकरी संपत नाही. सहावी-सातवीत मराठीतून सुरू झालेलं मूल पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, समाजशास्त्र हिंदीतून शिकू लागतं. हा बदल एका दिवसात होत नाही. या शिक्षकांच्या संध्याकाळच्या तासांत तो होतो. खेड्यातल्या पोराला इंग्रजी जमत नाही हा समज ज्या कोणाला अजून बाळगायचा असेल, त्यानं एकदा नवोदयच्या अकरावीच्या वर्गात जाऊन बसावं.

आणि मग मायग्रेशन. नवोदयची ही सर्वांत धाडसी आणि सर्वांत कमी चर्चिलेली गोष्ट. नववीतल्या तीस टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या जोडीदार नवोदयमध्ये पाठवतात. हिंदी पट्ट्यातली मुलं इकडे येतात, इकडची तिकडे जातात. चौदा वर्षांची मराठी मुलगी उत्तर भारतातल्या एखाद्या जिल्ह्यात वर्षभर राहते. तिथली थंडी सोसते, तिथल्या मेसमध्ये ज्वारीची भाकरी शोधते, सापडत नाही तेव्हा पुरी-भाजीशी जुळवून घेते. तिकडच्या मुलाला इकडे आल्यावर आमटीतला गूळ आधी खटकतो आणि मग आवडू लागतो. याचा एक परिणाम मराठीच्या बाजूनं मोलाचा आहे. हिंदी भाषक जिल्ह्याच्या नवोदयमध्ये तिसरी भाषा म्हणून जोडीदार जिल्ह्याची भाषा शिकवली जाते. त्यामुळे मराठी जिल्ह्याशी जोडलेल्या उत्तरेकडच्या नवोदयांत रोज मराठीचा तास होतो, 'ळ' फळ्यावर लिहिला जातो आणि ज्यांच्या घरात मराठी कोणी ऐकलेली नाही ती मुलं तो उच्चारायला शिकतात. मराठीच्या प्रसाराच्या नावानं आपण संमेलनांत जे ठराव करतो, त्यांतून असा एक तरी वर्ग उभा राहिला आहे का?

पालकांचा मायग्रेशनला विरोध असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. काही मुलं कोमेजून परत येतात. पण ज्यांनी ते वर्ष निभावलं त्यांच्या बोलण्यात बिहारी, युपीवाला अशी हेटाळणीची नावं सहसा ऐकू येत नाहीत, हे माझं निरीक्षण. या पुस्तकातले मायग्रेशनवरचे लेख मी दोनदा वाचले; संपादकांनी त्यांना आणखी जागा दिली असती तर बरं झालं असतं.

नवोदयवर लिहिताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदयांमध्ये ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. माहितीच्या अधिकारातून हा आकडा बाहेर आला तेव्हा असंही दिसलं की, त्यांतली निम्मी मुलं दलित आणि आदिवासी होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं त्याची दखल घेतली. समुपदेशक नेमण्याची चर्चा त्यानंतर जोर धरू लागली. इतकी वर्षं ती जबाबदारीही हाउस मास्टरच्याच गळ्यात होती, कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय. 'निवडलेला' हा शिक्का मुलाला बळ देतो तसा दाबूनही टाकतो. गावानं फ्लेक्स लावलेला असतो; आता नापास होऊन, किंवा नुसतं उदास होऊन, परत कुठे जायचं? शाळेच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या गौरव-स्मरणिकांत या मुलांना जागा नसते. या संग्रहात दोन शिक्षकांनी त्यांच्याविषयी लिहिलं आहे, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आता ज्या तुलनेमुळे माझं मत पक्कं झालं ती सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात घोटला नवोदय आहे. त्याच जिल्ह्यात, त्याच जंगलांत, आदिवासी मुलांसाठी सरकारी आश्रमशाळाही आहेत. दोन्ही निवासी, दोन्ही मोफत, दोन्ही सरकारच्या पैशावर चालणाऱ्या. एकीत मुलाला पलंग मिळतो, ग्रंथालय मिळतं, प्रयोगशाळा मिळते, प्रत्येक विषयाला शिक्षक मिळतो. दुसरीत वर्षानुवर्षं मुलं जमिनीवर झोपली, विज्ञानाचा शिक्षक येण्याची वाट पाहिली गेली, आणि साप चावल्याच्या, तापानं दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात छापून आल्या. हा फरक मुलांच्या बुद्धीचा आहे असं म्हणण्याची हिंमत कोणी करू नये. पलंग देण्यासाठी बुद्धिमत्ता चाचणी लागत नाही. नवोदयनं सिद्ध काय केलं? सरकारनं मनावर घेतलं, पैसा दिला, शिक्षकाला आवारात घर दिलं आणि मुलाला सात वर्षं एका जागी नीट ठेवलं, तर शेतमजुराचं, सालगड्याचं, पारध्याचं मूल कोणाहूनही मागे राहत नाही. सीबीएसईच्या निकालात नवोदयची टक्केवारी दरवर्षी देशाच्या सरासरीच्या बरीच वर असते. पुण्याजवळ 'दक्षणा' ही संस्था नवोदयच्या मुलांना आयआयटीच्या प्रवेशासाठी तयार करते, आणि त्यांतली कित्येक मुलं तिथे पोचतातही. ही मुलं निवडलेली होती हे खरं. पण निवड झाली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि त्यांना आरशातली प्रतिमा ओळखता येत होती, एवढंच. बाकीचं सगळं नंतर झालं.

म्हणून नवोदय वाढवा, तालुक्याला एक काढा, ही जी मागणी अधूनमधून होते तिच्याशी मी सहमत नाही. तालुक्याला नवोदय झाली तरी परीक्षा राहील, अकॅडम्या वाढतील आणि बाहेर राहणारे बाहेरच राहतील. वाढवायचंच असेल तर परीक्षेच्या पलीकडचं वाढवावं : आवारात राहणारा शिक्षक, प्रत्येक विषयाला माणूस, उघडं ग्रंथालय, दुसऱ्या प्रांतातल्या मुलांबरोबरचं एक वर्ष. आश्रमशाळांपासून सुरुवात करता येईल. जमीन तिथे आधीच आहे.

या संग्रहातले काही लेख कच्चे आहेत, काहींत आठवणींचा पाक जरा जास्त झाला आहे, आणि 'आमच्या वेळी' हा शब्दप्रयोग वाजवीपेक्षा अधिक वेळा येतो. ते चालवून घ्यावं. मेसच्या डाळीपासून मायग्रेशनच्या रेल्वेपर्यंत इतका तपशील मराठीत एकत्र यापूर्वी माझ्या वाचनात आलेला नाही. वाचकांना एक विनंती आहे. पुस्तक वाचून झालं की कपाटात ठेवू नका. आपल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षकांना नेऊन द्या, आणि शक्य असेल तर दुसरी एक प्रत जवळच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना द्या.